ओव्हनचा पंखा बंद करून दाखवायला सांगा

प्रति,
पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण आणि रांजणगाव परिसरातल्या मोठ्या वाहन व यंत्र कंपन्यांचे खरेदी विभाग आणि व्हेंडर क्वालिटी विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचा ऑडिटर एखाद्या पावडर कोटिंगवाल्याकडे, म्हणजे धातूच्या भागांवर रंगाची कोरडी पूड उडवून ती ओव्हनमध्ये भाजणाऱ्याकडे, आला की काय काय तपासतो, ते आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे. जॉबवर, म्हणजे रंगवलेल्या भागावर, मीटर टेकवून थर ६० ते ८० मायक्रॉनमध्ये बसतो का ते बघतो. ब्लेडने चौकड्या पाडून त्यावर टेप चिकटवतो आणि खसकन ओढतो. सॉल्ट स्प्रेचे, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात जॉब किती टिकला त्याचे, तास विचारतो. ओव्हनमधून फिरवून आणलेल्या, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा आलेख मागतो, म्हणजे धातू १८० ते २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं राहिला की नाही ते कळावं. भट्टीत धातू तापवून कठीण करणाऱ्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना सीक्यूआय-९ आणि रंगकामवाल्यांना सीक्यूआय-१२ अशी तपासणीची जाडजूड बाडं भरावी लागतात. तापमान मोजणारं थर्मोकपल कधी बदललं, भट्टीच्या कोपऱ्याकोपऱ्यात तापमानाचा फरक किती, याचा हिशेब त्यात द्यावा लागतो. हे सगळं रास्तच आहे. पण त्याच ओव्हनच्या मागच्या बाजूला, जिथे बर्नर आणि गॅसची लाइन असते, तिथे ऑडिटर सहसा फिरकत नाही. जॉब नीट भाजला का, हे तुम्ही विचारता. ओव्हन चालवणारा भाजणार नाही ना, हा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये मला अजून दिसलेला नाही.

मी बर्नर आणि ओव्हनच्या दुरुस्तीची कामं करतो. भोसरी, तळवडे, चाकण, कधी पलीकडे नऱ्हे-धायरी. बर्नर पेटत नाही म्हणून फोन येतो, मी जातो, पॅनल उघडतो. आत बऱ्याचदा एक छोटीशी वायर सापडते. पंख्याची हवा येते की नाही हे बर्नरच्या कंट्रोलरला सांगणारा एअर प्रेशर स्विच असतो, कोणीतरी त्याच्या दोन टर्मिनलना शॉर्ट मारलेला असतो. पंखा चालू असो वा नसो, हवा आहे असंच कंट्रोलरला वाटत राहावं, एवढंच त्या वायरचं काम. मालकाला विचारलं तर त्याला माहीत नसतं. मेंटेनन्सवाल्याला विचारलं तर तो आधीच्या मेंटेनन्सवाल्याचं नाव सांगतो. खंडेनवमीला त्याच पॅनलला झेंडूची माळ घालून नारळ फोडलेला असतो, हे आपलं जाता जाता सांगितलं.

हे पत्र सरकारी खात्याला न लिहिता तुम्हाला का लिहितोय, ते आधी स्पष्ट करतो. कायदा नव्हता असं नाही. ज्वालाग्राही वायू आणि वाफ पेटू नये, पेटलीच तर स्फोटाचा दाब सुरक्षित वाटेने बाहेर पडावा, याची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३७ मध्येच होती. आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षेची संहिता आली आहे. तिच्यात वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला २० कामगार लागतात. जुन्या कायद्यात हा आकडा मुळात १० होता. तुमचे कोटिंगचे व्हेंडर आठवून बघा. एक ओव्हन, दोन बूथ, सात टाक्या आणि दहा-बारा माणसं. अशा शेडमध्ये औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक कधी पोचणार? तुमचा माणूस मात्र वर्षातून एकदा तरी पोचतोच, आणि त्याच्या एका लाल शेऱ्याने मालकाची झोप उडते. इतका धाक या शेडवर दुसऱ्या कोणाचाच नाही. तळवड्यात डिसेंबर २०२३ मध्ये केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली आणि त्यात बायका होरपळून गेल्या. त्यानंतर परवाने कोणी पाहिले नाहीत यावर खूप बोललं गेलं. माल कोण उचलत होतं, आणि उचलताना त्याने शेडमध्ये डोकावून पाहिलं होतं का, यावर फारसं कोणी बोललं नाही.

आता मुद्द्यावर येतो. गॅसच्या ओव्हनला सगळ्यात जास्त धोका तो भरपूर तापलेला असताना नसतो, पेटवताना असतो. आपल्याकडे औद्योगिक सुट्टी गुरुवारची, म्हणजे शुक्रवारी सकाळी थंड पडलेला ओव्हन पुन्हा पेटवायचा. दीड दिवस लाइन बंद होती. गॅसच्या, विजेवर उघडबंद होणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण अडकला असेल तर तेवढ्या वेळात गॅस हळूहळू आत झिरपत राहतो. तीन मीटर लांब, दोन रुंद, दोन उंच असा साधा बॅच ओव्हन घ्या. आतली हवा बारा घनमीटर. एलपीजी हवेत साधारण दोन टक्के मिसळला की मिश्रण पेट घेण्याजोगं होतं. त्या हिशेबाने जेमतेम अर्धा किलो गॅस पुरतो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो ओव्हनच्या तळाशी आणि बर्नरखालच्या खड्ड्यात साचतो, तोंडाच्या उंचीवर वास येईलच असं नाही.

यावर उपाय एकच, पर्ज. बर्नर पेटवण्याआधी आतली हवा बाहेर घालवून ताजी हवा भरायची. ओव्हन आणि भट्ट्यांसाठी वापरलं जाणारं एनएफपीए ८६ हे अमेरिकी मानक सांगतं की ओव्हनच्या घनफळाच्या किमान चौपट ताजी हवा आतून गेली पाहिजे. वरच्या ओव्हनला ती ४८ घनमीटर. एक्झॉस्टचा पंखा तासाला ५०० घनमीटर ओढत असेल तर सहा मिनिटं लागतात. या सहा मिनिटांवरच सगळा खेळ चालतो. गाडी गेटवर उभी आहे, तुमच्या लाइनवरून फोनवर फोन येताहेत, आणि ऑपरेटर टायमर कमी करतो. नाहीतर सुपरवायझर म्हणतो, ब्लोअर चालूच आहे की, पेटव. इथे एक गैरसमज आहे, आणि तो अनुभवी माणसांमध्येही दिसतो. ओव्हनच्या आत हवा घुसळणारा सर्क्युलेशनचा ब्लोअर म्हणजे पर्ज नव्हे. तो तीच हवा, त्याच गॅससकट, गोल गोल फिरवतो. पर्ज एक्झॉस्टचा पंखा करतो, आणि त्याचा डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, उघडा असेल तरच करतो. गॅस वाचावा म्हणून डॅम्पर तारेने बांधून ठेवलेले ओव्हन या पट्ट्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही.

दुसरी खोड रीसेटच्या बटणाची. बर्नर पेटला नाही की कंट्रोलर लॉकआऊटला जातो, म्हणजे बर्नर बंद करून अडून बसतो, लाल दिवा लागतो. माणूस रीसेट दाबतो. पुन्हा लाल. पुन्हा दाबतो. दर खेपेला थोडा न जळलेला गॅस आत जाऊन बसतो. घरी शेगडीचं बटण आधी फिरवून काडी उशिरा ओढली की भपका होतो, तसाच हा प्रकार, फक्त खोली बंद आणि लोखंडी. नीट लावलेला कंट्रोलर प्रत्येक रीसेटनंतर पहिल्यापासून पर्ज करायला लावतो. म्हणून तर लोकांना त्याचा राग येतो आणि पॅनलमध्ये ती छोटी वायर येते. खरं कारण बहुतेक वेळा फालतू असतं: ज्योत बघणाऱ्या यूव्ही सेलच्या काचेवर काजळी बसलेली असते. मऊ कापडाने पुसली की काम झालं. पण पुसायला ओव्हन थांबवावा लागतो आणि वायर मारायला थांबवावा लागत नाही.

बर्नरचा जो साधा ‘भप्’ आवाज होतो, दार हलतं, राख उडते आणि सगळे हसून पुन्हा कामाला लागतात, तो आवाज कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. जखमी माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कळवा, असं जुन्या कायद्यात होतं. कोणी जखमी न होता घडलेल्या धोकादायक घटनाही कळवायच्या होत्या. व्यवहारात भपका म्हणजे भपका. पाच वर्षांनी त्याच ओव्हनचं दार उडतं, तेव्हा सगळे म्हणतात, अचानक झालं.

आता थिनर. पावडरमध्ये सॉल्व्हंट नसतो, म्हणून पावडरचा ओव्हन बेताच्या एक्झॉस्टने बनवतात आणि ते बरोबरही आहे. पण मंदीच्या महिन्यात त्याच शेडमध्ये लिक्विड पेंटचं काम येतं. कधी प्रायमर, कधी रिजेक्ट झालेल्या जॉबची पुटी आणि टचअप. ओला जॉब त्याच ओव्हनमध्ये ढकलला जातो. हे काम तुमच्याच पर्चेस ऑर्डरवर आलेलं असतं, आणि कोटिंगवाल्याकडे लिक्विडसाठी वेगळा ओव्हन आहे का, हे ऑर्डर देताना कोणी विचारलेलं नसतं. पेंटच्या थिनरमध्ये टोल्युइन सर्रास असतं, त्याचा हिशेब सांगतो. एक लिटर टोल्युइनची साधारण २३० लिटर वाफ होते, आणि हवेत ती सव्वा टक्क्याच्या आतच पेट घेण्याच्या पातळीला पोचते. म्हणजे एका लिटरने वीसेक घनमीटर हवा स्फोटक होऊ शकते. आपला ओव्हन बारा घनमीटरचा. ती पातळी गाठेपर्यंत थांबायचं नसतं. मानक म्हणतं की वाफ या पातळीच्या चौथ्या हिश्श्याच्या आत ठेवा. त्यासाठी त्या एका लिटरला ८० घनमीटरच्या वर ताजी हवा लागेल, तीही वाफ निघते त्याच काही मिनिटांत. पावडरच्या ओव्हनचा पंखा एवढी हवा कुठून आणणार? लिक्विडच्या ओव्हनला जास्त ताकदीचा एक्झॉस्ट लागतो आणि तो बंद पडला तर बर्नर व कन्व्हेयर दोन्ही थांबावे लागतात. शिवाय जॉब आत ढकलण्याआधी थोडा वेळ बाहेर उघड्यावर सुकवावा लागतो. याला फ्लॅश-ऑफ म्हणतात. घाईत पहिला बळी याच टप्प्याचा जातो.

‘आमचा ओव्हन इलेक्ट्रिक आहे, गॅसची भानगडच नाही,’ असं काही मालक अभिमानाने सांगतात. थिनरच्या वाफेला तापून लाल झालेला हीटर ज्योतीइतकाच चालतो. आणि इलेक्ट्रिकमध्ये वेगळी गोम आहे. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले बिघडला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, चालू अवस्थेतच अडकतो. कंट्रोलर ओरडून सांगतो बंद कर, पण हीटर चालूच. म्हणून वेगळं थर्मोकपल, वेगळा लिमिट कंट्रोलर आणि त्याच्या हाताखाली हीटरची वीज तोडणारा वेगळा काँटॅक्टर लागतो, जो एकदा सुटला की माणसाने जाऊन रीसेट केल्याशिवाय परत लागणार नाही. एकाच कंट्रोलरच्या दुसऱ्या आऊटपुटवर अलार्म काढून त्याला सुरक्षा म्हणू नका. तोच आंधळा झाला तर अलार्मही आंधळाच.

पुण्यात आता पाइपच्या गॅसवर जाणारे बरेच आहेत. चांगलं आहे, सिलिंडरचा साठा कमी होतो. मात्र नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका. एलपीजीच्या काळात जमिनीजवळ लावलेला गॅस डिटेक्टर तिथेच राहिला तर तो आयुष्यभर शांत बसून राहील. आता तो छताजवळ हवा. बर्नरचा जेट आणि गॅसचा दाबही नव्याने जुळवावा लागतो. जागा बदलतानाही असंच होतं. कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडापाडी झाली आणि शेडच्या शेड हलल्या. ओव्हनचे पॅनल सुटे करून ट्रकमध्ये टाकायचे आणि नव्या जागी जोडायचे हे दोन दिवसांचं काम, पण त्यानंतर बर्नरची पूर्ण साखळी पुन्हा तपासून घेणं कोणाच्या यादीत नसतं. तुमच्या व्हेंडरने पत्ता बदलला की तुम्ही नवा व्हेंडर कोड देता, जीएसटीचा कागद मागता, पहिला नमुना पुन्हा मंजूर करून घेता. मग तपासलेल्या बर्नरचा कागद का मागत नाही?

ओव्हनच्या छताकडेही बघा. स्फोट झालाच तर दाब वरून निघून जावा म्हणून तिथे हलके पॅनल ठेवलेले असतात. मानकाचा ढोबळ आकडा असा की दर १५ घनफूट घनफळामागे एक चौरस फूट. पण उष्णता जाते म्हणून कोणी त्यावर पत्रा ठोकतो, तर कोणी रिकामे हँगर आणि जुने जिग रचून ठेवतो. मग दाब सगळ्यात कमजोर जागा शोधतो, म्हणजे दार, आणि दारासमोर ट्रॉली धरून माणूस उभा असतो. त्याच दाराला बाहेरून कडी-कोयंडा लावलेला मी पाहिला आहे, रबर झिजून दार नीट बसत नव्हतं म्हणून. चालत आत जाता येईल एवढ्या ओव्हनला आतून उघडणारी मूठ हवीच. पडलेला हुक उचलायला पोरगा आत जातो, बाहेरचा दुसरा पोरगा दार लावतो, यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. जुन्या कायद्यात कलम ३६ आणि ३६ अ मध्ये घातक वायू काढून टाकल्याशिवाय बंदिस्त जागेत माणूस सोडू नका आणि आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वर नको, असं स्वच्छ लिहिलं होतं. प्रत्यक्षात २३० व्होल्टचा हॅलोजन वायरीसकट आत जातो.

हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर लिहायचं तर वेगळं पत्र होईल. एवढंच सांगतो, तापलेला जॉब बुडवून थंड करायच्या क्वेंच ऑइलच्या टाकीत झिरपलेलं पाणी ही तिथली सगळ्यात गुपचूप येणारी आपत्ती. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते आणि ती पेटतं तेल टाकीबाहेर फेकते. तेलातल्या पाण्याची शेवटची चाचणी कधी झाली, हा प्रश्न सीक्यूआयच्या उत्तरांबरोबरच विचारा. आणि बऱ्याच भट्ट्यांत मुद्दाम भरलेल्या वायूत २० टक्क्यांच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही. पायलटची, म्हणजे सतत जळत ठेवायची छोटी, ज्योत विझलेली दिसली तर तिथे उभं राहून काडी शोधू नये, हे तिथल्या नव्या पोरांना कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवं. ही पोरं बीड-लातूरची असतात, तशीच ओडिशा-बिहारचीही. भिंतीवरचा फलक मात्र तुमच्या ऑडिटसाठी इंग्रजीत असतो.

आता मागणं. तुमच्या ऑडिटच्या फॉर्ममध्ये एक पान वाढवा, पण ‘इंटरलॉक आहे का, हो किंवा नाही’ अशा चौकोनांचं नको. (इंटरलॉक म्हणजे काही बिघडलं की ओव्हन आपोआप थांबवणारी जोडणी.) तसे चौकोन भरायला आपण सगळे तरबेज आहोत. करून दाखवायला सांगा. ओव्हन पूर्ण रिकामा, आत एकही ओला जॉब नाही, बर्नर चालू, जवळ बर्नरचं काम जाणणारा माणूस. अशा वेळी एक्झॉस्टचा पंखा बंद करायला सांगा. बर्नर ताबडतोब सुटला पाहिजे. पुन्हा पेटवून यूव्ही सेल बाहेर काढायला सांगा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ज्योत गेल्यावर चार सेकंदांच्या आत गॅस बंद व्हायला हवा. मग लिमिट कंट्रोलरचा आकडा चालू तापमानाच्या खाली आणायला सांगा. तो सुटला पाहिजे आणि आकडा परत वर नेला तरी आपोआप लागता कामा नये. शेवटी बर्नर पुन्हा सुरू करताना पर्जचा टायमर किती लावलाय ते बघा आणि तो कशावरून ठरवला ते विचारा. ‘कंपनीतून असाच आलाय’ हे उत्तर चालवून घेऊ नका. गॅसच्या लाइनवर एकामागे एक दोन व्हॉल्व्ह आहेत का आणि ते गळत नाहीत हे शेवटचं कधी तपासलं, त्याची तारीख मागा. एवढ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. मायक्रॉन मोजायला याहून जास्त वेळ जातो. ऑडिट शुक्रवारी सकाळी, पहिल्या शिफ्टला ठेवलंत तर आणखी बरं.

४ मार्चला सुरक्षा दिन येतो, तुम्ही व्हेंडरना बोलावून शपथ देता, टोपी आणि पेन देता. त्याच दिवशी तुमच्या स्वतःच्या पेंट शॉपमधला बर्नर माणूस या सगळ्यांना दोन तास समोर बसवून एक खरा पॅनल उघडून दाखवू शकतो. तुमच्याकडे ती माणसं आहेत. आमच्याकडच्या मेंटेनन्सच्या पोराने नीट लावलेली गॅस ट्रेन, म्हणजे बर्नरपर्यंतची पाइप आणि व्हॉल्व्हची जुळणी, कधी बघितलेलीच नसते. त्याला वाटतं सगळीकडे असंच असतं.

आणि पैशाचं. जॉबचा दर चौरस फुटामागे पैशापैशाने घासून घेता तेव्हा बर्नरची वार्षिक तपासणी आणि दोन-चार सेन्सर कुठून निघतात, हे कोटिंगवाल्याने तुम्हाला सांगायचं धाडस करू नये अशीच व्यवस्था आहे. दरपत्रकात ही एक वेगळी ओळ द्या आणि तिच्यावर घासाघीस करू नका. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे डेबिट नोट. आज बर्नर लॉकआऊटला गेला, ओव्हन दोन तास थांबला आणि तुमची लाइन खोळंबली तर त्या दोन तासांचं बिल व्हेंडरच्या माथी येतं. ते बिल डोळ्यांसमोर असताना कुठला सुपरवायझर यूव्ही सेल पुसत बसेल? तो वायरच शोधणार. तुमच्या खरेदी विभागाकडून सगळ्या कोटिंग आणि हीट ट्रीटमेंट व्हेंडरना एका ओळीचं पत्र जाऊ द्या: सुरक्षा इंटरलॉकमुळे ओव्हन थांबला आणि तो त्याच तासात कळवला, तर त्या खोळंब्याची डेबिट नोट निघणार नाही. सही खरेदीप्रमुखाची हवी, सुरक्षा विभागाची नको. कोटिंगवाले कोणाच्या सहीला घाबरतात ते तुम्हाला माहीत आहे.

आपला,
भोसरी एमआयडीसीतला एक बर्नर मेकॅनिक